तिथीचा रकाना

प्राचार्य म्हणाले, एक ॲप करा.
तासिकेवर नव्याने लागलेल्या पोरापोरींना
अभ्यासक्रम आखता येईल असं काहीतरी.
तुम्हाला एक्सेल येतं ना, म्हणाले,
आणि चहा मागवला. एवढाच माझा अधिकार.

लायब्ररीच्या वरच्या खोलीत बसलो.
खिडकीतून देवगडच्या पवनचक्क्या,
दोन फिरत्या, एक हट्टाने उभी.
सत्राचे पंधरा आठवडे, पंधरा चौकोन काढले.
गणपतीला सुट्टी पाच दिवस, असं विद्यापीठ समजतं.
वर्ग अकरा दिवस भरत नाही, असं मी समजतो.
तिथे राखाडी रंग ओतला.
पण होड्या उतरल्या की मागच्या बाकावरचे चौघे
बांगड्यामागे जातात, त्यासाठी
रंग सापडेना.

माझा पहिला तास.
रात्रभर जागून जमवलेलं सगळं
बावीस मिनिटांत संपलं.
मग हजेरी घेतली.
मग कोराच असलेला फळा पुसला.
मग परत हजेरी घेतली.
दुसऱ्यांदा दोघं जास्त निघाले.

म्हणून पहिली चौकट अशी ठेवली:
तास संपल्यावर मुलाला काय करता येईल?
कुणी ‘समजेल’ लिहिलं
की ओळ आपोआप पुसली जाते.
समजणं कुणी पाहिलंय?

वापरून बघायला तहसीन सोलकर आली.
प्राणिशास्त्र. नोकरीचा नववा दिवस.
ओढणीला फॉर्मॅलिनचा वास,
वहीत शिक्षकांपेक्षा नीट अक्षर.
तिने सगळं भरलं, एकही चौकट सोडली नाही.
आठवडा सहा, प्रात्यक्षिक,
खडकावरचे जीव: कालवं, शिनाणे, समुद्रफूल.
गुरुवार, सकाळी अकरा.
ॲपने हिरवी खूण दिली.
मी खुर्चीत जरा मागे रेललो.

भिवा कोयंडे प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसत होता.
पडद्याकडे एकदा बघून म्हणाला,
‘बाई, गुरवारी पुनव.
अकराक थंय दोन पुरुस पाणी.
पोरांका काय बुडवतास?’

आम्ही दोघंही गप्प.
त्याने फडकं खांद्यावर टाकलं,
बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं.
तिथ धरा, पावणान गुणा, भरती कळता.
पुनवेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा.
दुजेचे दोन, म्हणजे दीड.
दिडाक भरती, तर सुकती कवा?
तहसीन म्हणाली, साडेसात.
भिवाने मान हलवली,
जशी चांगल्या विद्यार्थ्याला हलवतात.

तिने वार खोडला, वद्य द्वितीया लिहिली.
ॲप लाल झालं: तारीख अवैध.
साडेसात लिहिलं.
लाल: महाविद्यालय आठ वाजता उघडते.

ती लाल ओळ मीच लिहिली होती,
दोन आठवड्यांपूर्वी, फार विचार करून.

त्या रात्री वीज दोनदा गेली.
तारखेशेजारी तिथीचा रकाना घातला,
पावणाचा गुणाकार घातला,
घड्याळाचं कुलूप काढलं.
एक चौकट मुद्दाम कोरी सोडली, नाव दिलं नाही.
प्राचार्यांनी विचारलं, ही कशाला?
म्हटलं, भिवासाठी.
ते हसले. मी विनोद केला नव्हता.

द्वितीयेला सकाळी मीही गेलो, लांब उभा राहिलो.
एकोणीस मुलं, चपला हातात.
मोबाइलला रेंज नव्हती, ॲप उघडलंच नाही.
तहसीनने दुपट्ट्याच्या टोकातून
घडी केलेला कागद काढला,
माझ्या पंधरा चौकोनांतला सहावा, हाताने उतरवलेला.
पहिल्या प्रश्नासमोर तिने लिहिलं होतं:
ओल्या खडकावर पाय कुठे ठेवायचा, हे मुलाला जमेल.
कालवांचं, शिनाण्यांचं खाली, बारीक अक्षरात.

मागच्या बाकावरचा एक त्यातही होता.
तो सगळ्यांच्या पुढे चालत होता
आणि बाकीचे, तहसीनसकट,
त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत होते.
ते कुठल्या चौकटीत भरायचं
मला अजून कळलेलं नाही.